उकळलं म्हणजे जंतू मेले?

काचेची सिरिंज आणि सुया स्टीलच्या डब्यात उकळत ठेवलेल्या पाहिलेली पिढी अजून आपल्यात आहे. त्या डब्याबरोबर एक समज घरोघर पोचला: पाण्याला उकळी फुटली की जंतू संपले. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिशनचं रुग्णालय उभारल्यापासून मिरज दवाखान्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं. तरी हा समज इथेही ऐकू येतो.

तो निम्मा खरा आहे. पटकी, विषमज्वर, क्षय यांचे जंतू उकळीत टिकत नाहीत, म्हणून कृष्णेला पूर आला की पाणी उकळूनच प्यायला हवं. वानलेसवाडीच्या आरोग्यधामात ज्या क्षयाचे रुग्ण राहत, त्याचा जंतू चिवट खरा, पण बीजाणू, म्हणजे तग धरण्यासाठीचं कवचबंद रूप, बनवत नाही. ती करामत मुख्यतः बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम या कुळांची. या बीजाणूच्या गाभ्यात पाणी अगदी कमी असतं, कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल ठासून भरलेलं असतं, डीएनएला खास प्रथिनं बिलगलेली असतात आणि वर थरांवर थर असतात. फर्डिनांड कोन यांनी १८७६ साली अशा बीजाणूंचं वर्णन केलं. त्यांतले काही तासभराची उकळीही सोसतात. अल्कोहोलच्या सॅनिटायझरलाही ते दाद देत नाहीत. साबण लावून वाहत्या पाण्यात हात धुतले तर निदान निघून तरी जातात.

म्हणून शस्त्रक्रियेची हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये जातात. दाबाखालची वाफ १२१ अंशांवर पोचते आणि १५ मिनिटांत बीजाणूंचाही निकाल लावते. पण यंत्र खरंच तापलं का, हे कसं कळणार? इथे बीजाणूंनाच साक्षीला बोलावतात. जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलस या उष्णताप्रेमी जंतूचे बीजाणू असलेली पट्टी हत्यारांच्या गठ्ठ्यात मधोमध ठेवतात. नंतर ती जांभळ्या पोषक द्रवात, ५५ ते ६० अंशांच्या उबेत ठेवतात. रंग पिवळा झाला तर बीजाणू जगले, आणि तो गठ्ठा वापरायचा नाही.

बीजाणू म्हणजे जंतूंची अंडी, एकाचे शंभर होतात, असंही अनेकांना वाटतं. तसं नाही. एका पेशीतून एकच बीजाणू, आणि त्यातून पुन्हा एकच पेशी. ही वंशवाढ नव्हे, उपासमारीतला तग आहे. कर्ब किंवा नत्र संपत आलं की बॅसिलस सबटिलिस सात-आठ तास खर्चून बीजाणू घडवतो. पुढे अलॅनिनसारखं अमिनो आम्ल भेटलं, की काही मिनिटांत तो जागा होऊ लागतो.

शिजवलेल्या भाताचा धोका यातूनच येतो. बॅसिलस सेरियसचे बीजाणू तांदळातच असतात आणि शिजण्यातून वाचतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला तर जागे होऊन वाढतात, आणि त्यांचं उलट्या करवणारं विष सकाळच्या फोडणीनेही नष्ट होत नाही. उरलेला भात लवकर फ्रिजमध्ये ठेवणं हाच उपाय.

जंतूंना साखर किंवा कुजकंच लागतं, हेही सरसकट खरं नाही. प्रयोगशाळेतल्या बशीतलं अगार बहुतेकांना पचतच नाही. ते फक्त घट्टपणासाठी, अन्न त्यात मिसळलेल्या पेप्टोनचं किंवा रक्ताचं. उसाला युरिया टाकला की मातीतला नायट्रोसोमोनास अमोनियापासून ऊर्जा मिळवतो आणि कर्ब हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतो. त्याला ना साखर लागते, ना कुजकं.

आणि हवा? धनुर्वाताच्या जंतूला तीच नको असते. गंजका खिळा लागला की धनुर्वात होतो, हा समज म्हणूनच अर्धवट आहे. गंजाचा दोष नाही. बीजाणू असतात मातीत आणि शेणात. खिळा, काटा किंवा कुळवाची फास खोल रुतली, की आत प्राणवायू नसलेली, मेलेल्या पेशींनी भरलेली जागा तयार होते, आणि तिथे बीजाणू रुजतो. स्वच्छ दिसणाऱ्या सुईनेही हे घडू शकतं. जखम साबण-पाण्याने धुवावी, हळद किंवा माती भरू नये, आणि लस कधी घेतली होती ते डॉक्टरांना सांगावं. भारतात माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं उच्चाटन २०१५ मध्ये प्रमाणित झालं, ते लसीकरण आणि स्वच्छ बाळंतपणामुळे. बीजाणू मातीत आहेत तिथेच आहेत. एकदा धनुर्वात झाला की पुन्हा होत नाही, असंही मानू नये. रोग घडवायला लागणारं विष इतकं थोडं असतं, की त्यातून प्रतिकारशक्ती तयार होत नाही. बऱ्या झालेल्या रुग्णालाही लस घ्यावीच लागते.