‘अभेद्य’ म्हणजे काय?

खापरीकडून मिहानमध्ये शिरले, की सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मोठमोठ्या इमारती दिसू लागतात. आमच्या कला शाखेची मुले त्यांच्याकडे जरा दबूनच पाहतात. ‘ते संगणकवाल्यांचे काम, आपल्याला त्यातले काय कळणार?’ हा प्रश्न मी नेहमी ऐकतो. परंतु निरोप गुप्त राखण्याच्या शास्त्रातला सर्वांत मोलाचा नियम एका भाषाशिक्षकानेच सांगून ठेवला आहे!

ऑगस्ट केर्कहॉफ्स हे पॅरिसमधील जर्मन भाषेचे अध्यापक. १८८३ साली त्यांनी लष्करी गुप्तलेखनावर निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे, की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुपित असावे ते केवळ किल्लीचे. कुलूप कोणत्या बनावटीचे आहे हे चोराला ठाऊक असले म्हणून काय झाले? किल्ली आपल्या कनवटीला असली म्हणजे पुरे. मग ‘आमची पद्धत गुप्त, म्हणूनच अभेद्य’ असे म्हणणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास का ठेवावा?

खरी परीक्षा कशी असते ते पाहा. १९९७ साली अमेरिकेच्या प्रमाण संस्थेने नव्या पद्धतीसाठी जाहीर आवाहन केले. १५ पद्धती स्पर्धेत उतरल्या. प्रत्येकीची रचना उघड होती आणि जगभरचे तज्ज्ञ ती फोडू पाहत होते. या अग्निपरीक्षेतून २००० साली दोन बेल्जियन संशोधकांची पद्धत निवडली गेली. ‘एईएस’ या नावाने ती आजही वापरात आहे.

याउलट स्वित्झर्लंडच्या ‘क्रिप्टो एजी’ची गोष्ट. तिची गुप्तलेखनाची यंत्रे भारतासह शंभरावर देशांनी विश्वासाने घेतली. ही कंपनी १९७० पासून अमेरिकन व पश्चिम जर्मन हेरखात्यांच्या मालकीची होती, हे २०२० साली सर्वांसमोर आले! त्याच वर्षी टाळेबंदीत अनेक महाविद्यालयांचे वर्ग ‘झूम’वर भरत होते. संभाषण आपल्यालाही कळत नाही, असा त्या कंपनीचा दावा होता. प्रत्यक्षात किल्ल्या तिच्याच हाती होत्या.

म्हणून मी तीन प्रश्न विचारतो. पद्धत उघड आहे काय? त्रयस्थ तज्ज्ञांनी ती तपासली आहे काय? किल्ली कोणाकडे आहे? यांसाठी गणित लागत नाही. बखरीतले विधान समकालीन पत्रांशी ताडून पाहण्याची सवय इतिहासाच्या विद्यार्थ्याला असतेच. तीच येथेही उपयोगी पडते. आपला पगार, आपला आजार, आपली खासगी पत्रे ज्याच्या स्वाधीन करायची, त्याच्याकडे पुरावा मागण्यात संकोच कसला?