दुसरा कुत्रा, आणि तोही खमक्या

‘पहिला एकटा पडतो, म्हणून त्याला सोबत आणतोय.’ दुसरा कुत्रा दत्तक घेणारे बरेच जण असं सांगतात. हेतू चांगला आहे, पण आठ वर्षं घरावर एकट्याने राज्य केलेल्या लॅब्रेडॉरला सोबत हवी आहे की निवांत झोप, याची चौकशी कुणी केलेली नसते. ती करता येते. खाली फिरायला नेल्यावर दुसरे कुत्रे भेटले की तो काय करतो, ते काही आठवडे नीट पाहा. शेपूट सैल ठेवून वास घेतो, पुढचे पाय पसरून खेळायला बोलावतो, की मान वळवून तुमच्या पायांमागे येतो? नेहमी मागेच येत असेल, तर निवाऱ्याची पायरी चढूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता येणाऱ्याकडे पाहू. रस्त्यावर मोठा झालेला गावठी कुत्रा स्वतःचे निर्णय स्वतः घेत आलेला असतो. कुठल्या गाडीखाली झोपायचं, कुणाच्या हातातल्या बिस्किटावर विश्वास ठेवायचा, कुठल्या गल्लीत पाऊल टाकायचं नाही, हे सगळं त्याचं त्याने ठरवलेलं असतं. याच बळावर तो जगला. घरात आल्यावर हाच गुण आपल्याला आडमुठेपणा वाटतो. निवाऱ्याच्या पिंजऱ्यातल्या वागण्यावरून त्याची पारख करू नका; चहूकडून भुंकणं चालू असताना कुणीच आपल्या मूळ स्वभावात नसतं. तिथे रोज जेवण घालणाऱ्या माणसाला गाठा. ताटाजवळ दुसरा आला तर हा काय करतो? भांडण झालंच तर समोरच्याला किती लागतं? आवाज फार आणि ओरखडा एखादा, असा कुत्रा परवडतो. चावा धरून झटके देणारा पहिल्याच्या सोबतीला आणू नये. नर-मादीची जोडी सहसा सोपी जाते, दोन माद्यांची बऱ्याचदा अवघड. कानाला खाच असेल तर नसबंदी झालेली आहे, असं समजायला हरकत नाही.

घरी आणण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी, जंतनाशक, रेबीजसह सगळ्या लशी आणि गोचीड तापासाठी रक्ताची चाचणी करून घ्या. लसीकरणाचा पत्ता नसेल तर निदान दोन आठवडे वेगळी खोली हवी. पार्वोचा विषाणू फरशीवर, चपलांवर महिनोन्‌महिने तग धरतो आणि साध्या फिनाइलला दाद देत नाही. त्यावर पाण्यात मिसळलेलं ब्लीच चालतं. वेगळ्या खोलीतले हे दिवस वाया मात्र जात नाहीत. डॉक्टरांनी संसर्गाची भीती नाही असं सांगितल्यावर याची चादर त्याच्या खोलीत, त्याची याच्याकडे, अशी अदलाबदल करत राहिलं की नाकाची ओळख आधी होते, आणि कुत्र्यांच्या जगात तीच खरी ओळख.

पहिली भेट घरात नको, आपल्या इमारतीखालीही नको, कारण ती जागा पहिल्याची आहे. शांत, दोघांनाही परका रस्ता निवडा. दोघांना समोरासमोर उभं करून कांदेपोह्यांचा कार्यक्रम तर मुळीच नको. अनोळखी कुत्रे मोकळे असतील तर ते वळसा घेत, बाजूने एकमेकांकडे येतात. पट्ट्याने ओढून नाकासमोर नाक आणलं की वळसा घेता येत नाही, ताणलेल्या पट्ट्यामुळे छाती पुढे येते, आणि ते समोरच्याला आव्हान वाटतं. म्हणून दोन माणसं, दोन सैल पट्टे आणि रस्त्याच्या दोन कडांनी एकाच दिशेने चालणं. अंतर किती ठेवायचं? खिशातला उकडलेल्या चिकनचा तुकडा दोघंही सहज खातील इतकं. एरवी हावरा असलेला कुत्रा तो तुकडा नाकारायला लागला, तर लांब व्हा. असं काही दिवस चाललं की अंतर आपोआप कमी होतं. मग एकाला दुसऱ्याच्या मागून वास घेऊ द्या, दोन-तीन सेकंदांत हसऱ्या आवाजात परत बोलवा आणि पुढे चला. तोंड मिटलेलं, अंग ताठ, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतंय, अशी लक्षणं दिसली की त्या दिवसापुरतं पुरे.

घरात शिरण्याआधी वाट्या, खेळणी, चघळायची हाडं उचलून ठेवा. बाजारात लहान मुलांसाठी मिळतं तसं जाळीचं फाटक दोन खोल्यांमध्ये लावा. एकमेकांना पाहणं होईल, भिडणं होणार नाही. जेवण बंद दाराआड, वेगवेगळ्या खोल्यांत. तुम्ही घराबाहेर असताना दोघं वेगळे, हे कित्येक महिने.

कधीतरी नवा गुरगुरेलच. अशा वेळी सोसायटीतला कुणीतरी जाणकार सांगतो, ‘मालक कोण ते दाखवून द्या त्याला, उताणा पाडा.’ या सल्ल्याचं मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये मांडलेल्या लांडग्यांवरच्या निरीक्षणांपर्यंत जातं. ते लांडगे बंदिस्त होते. 1970 मध्ये डेव्हिड मीच यांच्या पुस्तकाने ‘अल्फा’ची, म्हणजे झुंजून म्होरक्या बनलेल्या लांडग्याची, कल्पना घरोघरी पोचवली. याच मीच यांनी मोकळ्या लांडग्यांचा अभ्यास करून 1999 मध्ये लिहिलं, की कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं; तिथे सत्तेसाठी रोजची झुंज नसते. कुत्र्याच्या बाबतीत तर या सल्ल्याचा तोटा अगदी व्यावहारिक आहे. गुरगुरणं ही पूर्वसूचना असते. ती मारून बंद केली, तर पुढच्या वेळी तो न गुरगुरता चावेल. त्यापेक्षा दोघांमधलं अंतर वाढवा, आणि तोंडातलं काही काढून घ्यायचं असेल तर त्याहून चविष्ट काहीतरी देऊन घ्या. स्वतंत्र बुद्धीच्या कुत्र्याला असा सौदा लवकर पटतो.

पहिले काही दिवस तो गरीब गाय वाटेल. ती भीती असते. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तो आपले रंग दाखवू लागतो, आणि घर आपलं वाटायला सुमारे तीन महिने, काहींना त्याहून जास्त लागतात. दिवाळीच्या तोंडावर मात्र आणू नका. फटाके, पाहुणे आणि नवं घर हे सगळं एकावर एक साचतं, आणि एरवी सहन झालं असतं अशा क्षुल्लक कारणावरून भांडण पेटतं. जुन्याचं एकट्याचं फिरणं या काळात बंद पडू देऊ नका.

जुंपलीच तर मध्ये हात घालू नका. ताट आपटा, पाणी टाका, दोघांमध्ये चटई किंवा पाट सरकवा. माणसाला दात लागला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुऊन दवाखाना गाठा, कुत्र्याला लस दिलेली असली तरी.

महापालिकेचा परवाना काढून घ्या. सोसायटीने आडकाठी केली तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वं दाखवा. बहुमताचा ठराव करूनही कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, असं त्यांत म्हटलं आहे. आणि दत्तकपत्रावर सही करताना परत घेण्याची अट वाचा. काही कुत्रे एकट्याच्याच घरात सुखी राहतात. जुन्याने जेवण टाकलं, तो पलंगाखालून बाहेर येईना, आणि चांगल्या प्रशिक्षकाच्या मदतीनेही फरक पडला नाही, तर नव्याला रस्त्यावर सोडायचं नाही. ज्या संस्थेकडून आणला तिलाच फोन करायचा आणि दुसरं घर मिळेपर्यंत जाळीचं फाटक लावूनच ठेवायचं.