नाताळच्या गोठ्यातील रिकामी गव्हाण

नाताळ जवळ आला की गोव्यातील ख्रिस्ती बांधवांच्या अंगणात गोठे उभे राहतात आणि दारांवर नक्षत्रे झळकू लागतात. अनेक घरांत या गोठ्यातील गव्हाण २४ डिसेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी ठेवली जाते. बाळ येशूची मूर्ती त्यानंतरच तिथे विसावते. या प्रथेत नाताळचा आध्यात्मिक आशय सामावलेला आहे.

'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला असून त्याचा संबंध जन्माशी आहे. मात्र ख्रिस्ती श्रद्धेनुसार हा केवळ एका महापुरुषाचा जन्मदिवस नव्हे, तर परमेश्वराने मानवी देह धारण केल्याचा दिवस आहे. ही कल्पना अवतारकल्पनेच्या जवळची वाटते. तथापि, हे देहधारण इतिहासात एकदाच घडले आणि येशू पूर्णतः देव व पूर्णतः मानव आहे, असे ख्रिस्ती धर्मशास्त्र मानते.

लूकच्या शुभवर्तमानानुसार, नावनोंदणीसाठी बेथलेहेमला आलेल्या योसेफ आणि मरिया यांना उतारशाळेत जागा मिळाली नाही. मरियेने नवजात बाळाला कपड्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवले. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ 'भाकरीचे घर' असा होतो, तर गव्हाण म्हणजे गुरांना चारा घालण्याची जागा. मिस्सामध्ये जो भाकरीच्या रूपाने भाविकांना लाभतो, तो प्रथम अन्नाच्या जागीच ठेवला गेला, असा अर्थ ख्रिस्ती चिंतकांनी त्यातून काढला आहे.

या जन्माची पहिली वार्ता राजवाड्यात नव्हे, तर रानात रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना मिळाली. मत्तयच्या शुभवर्तमानात पूर्वेकडील परदेशी ज्ञानी दर्शनाला येतात. त्यांचे स्मरण म्हणून रेईश मागूश येथे ६ जानेवारीला तीन राजांचे फेस्त साजरे होते. पुढे हेरोद राजाच्या भीतीने हेच कुटुंब इजिप्तमध्ये आश्रयाला जाते.

संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेचो येथे गव्हाण, गवत, बैल आणि गाढव आणून हा प्रसंग सामान्य जनांसमोर उभा केला. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी तो मराठी ओवीत आणला. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले.

नाताळपूर्वीच्या चार रविवारांचा आगमनकाळ हा प्रार्थनेचा, पश्चात्तापाचा आणि दानधर्माचा काळ मानला जातो. रिकामी गव्हाण त्याच प्रतीक्षेची खूण आहे. ज्याला जन्मताना जागा नाकारली गेली, त्याचे स्वागत करणाऱ्याने निराश्रिताला, परगावाहून पोटासाठी आलेल्या मजुराला आणि एकाकी वृद्धालाही आपल्या घरात व मनात जागा द्यावी, अशी या सणाची अपेक्षा आहे. तेवढे घडले नाही, तर मूर्ती ठेवूनही गव्हाण रिकामीच राहते.