लाकडी जमिनीचे पारदर्शक व्हार्निश

लाकडी जमिनीचे पारदर्शक व्हार्निश म्हणजे फळ्यांचा नैसर्गिक रंग व शिरा शक्य तितक्या तशाच ठेवून त्यांवर संरक्षक थर चढविण्याची प्रक्रिया होय. वऱ्हाडातील अमरावती व अकोला जिल्ह्यांत जुन्या घरांच्या माडीवरील सागवानी फळ्यांसाठी ती विशेष उपयुक्त ठरते.

पार्श्वभूमी

सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेतील मेळघाटात शुष्क पानझडी वने असून साग हा तेथील प्रमुख वृक्ष आहे. डोंगराच्या पायथ्याचे परतवाडा हे इमारती लाकडाच्या व्यापारासाठी ओळखले जाते. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल व टेक्टोक्विनोन हे द्रव्य असल्याने त्याला वाळवी सहसा लागत नाही. जुन्या, पूर्ण वाढलेल्या सागाच्या रुंद फळ्या आता सहज मिळत नाहीत आणि प्रत्येक घासणीत फळीची जाडी थोडी कमी होते. त्यामुळे व्हार्निशची निवड चुकल्यास ते खरवडून काढताना मूळ लाकडाचेच नुकसान होते.

रंग बदलण्याची कारणे

कोणतेही व्हार्निश लाकडाचा रंग तंतोतंत कोरड्या फळीसारखा ठेवत नाही. द्रव लाकडात मुरल्यावर प्रकाशाचे विखुरणे कमी होते व रंग गडद दिसतो. घासलेल्या फळीवर ओले फडके फिरविल्यास जो रंग दिसतो, तो पारदर्शक थराखाली दिसणाऱ्या रंगाच्या जवळचा असतो. याशिवाय सूर्यप्रकाशामुळे लाकूडही कालांतराने रंग बदलते.

व्हार्निशचे प्रकार

* जवसाचे तेल : विदर्भात जवसाचे पीक परंपरेने घेतले जाते. हे तेल हवेतील ऑक्सिजन शोषून घट्ट होते. मात्र काळानुसार, विशेषतः अंधाऱ्या जागी, पिवळे पडते.
* लाखेचे पॉलिश : यावर पाण्याने पांढरे डाग पडतात. वारंवार पुसल्या जाणाऱ्या जमिनीसाठी ते योग्य नाही.
* तेलयुक्त पॉलियुरेथेन : हे टिकाऊ असते, पण लाकडाला पिवळसर झाक देते.
* पाण्यावर आधारित ॲक्रिलिक किंवा ॲलिफॅटिक पॉलियुरेथेन : हे फारसे पिवळे पडत नाही. नैसर्गिक रंग राखण्यासाठी हाच प्रकार अधिक योग्य मानला जातो.

योग्य काळ

वऱ्हाडात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा उष्णतेत व्हार्निश फार लवकर सुकून त्यावर ब्रशचे वण व बुडबुडे राहतात, तर आकसलेल्या फळ्यांमधील फटी रुंदावतात. पावसाळ्यात फळ्या फुगतात व थर वाळण्यास विलंब लागतो. म्हणून दिवाळीनंतरचा, साधारण फेब्रुवारीपर्यंतचा काळ अनुकूल असतो.

कृती

प्रथम सैल फळ्या पक्क्या करून खिळ्यांची डोकी पृष्ठभागाखाली दाबली जातात. नंतर ८०, १२० व १८० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने शिरांच्या दिशेने क्रमाक्रमाने घासले जाते. आडवे घासल्यास उमटणारे ओरखडे व्हार्निशखाली अधिक ठळक दिसतात. सर्व धूळ काढल्यावर सागाच्या पृष्ठभागावरील तेल योग्य द्रावकाने पुसून घेणे आवश्यक असते. अन्यथा थर नीट चिकटत नाही किंवा उशिरा वाळतो. कोपऱ्यातील लहान जागेवर चाचणी घेऊन मगच पूर्ण जमिनीवर पातळ थर दिला जातो. सामान्यतः तीन थर देतात. प्रत्येक थर वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने हलके घासून धूळ पुसतात. पाण्याच्या व्हार्निशवर लोखंडी तारकाथ्या वापरल्यास त्याचे राहिलेले कण गंजून डाग पडतात.

सुरक्षितता व निगा

काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवून नाकावर मुखपट्टी बांधावी लागते. जवसाच्या तेलाने भिजलेल्या फडक्यांचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो. अशी फडकी मोकळ्या जागी पसरून वाळवितात किंवा पाण्यात बुडवून ठेवतात. पूर्ण घट्ट झालेली जमीन केवळ किंचित ओलसर फडक्याने पुसली जाते. थर झिजू लागताच, लाकूड उघडे पडण्यापूर्वी, हलक्या घासणीनंतर एक नवा थर दिल्यास फळ्या पुन्हा खोलवर घासाव्या लागत नाहीत.