हाडांसह मांसाचे वजन : उष्मांक आणि प्रथिनांचा अचूक हिशोब

भारतात मटण आणि चिकन बहुतेक ठिकाणी हाडांसहच विकले जाते व हाडांसहच शिजवले जाते. हैदराबादची बिर्याणी असो, काश्मीरचा रोगन जोश असो की कोल्हापूरचा तांबडा रस्सा, हाडाशिवाय खरी चव उतरत नाही असे खाणारे मानतात. चवीपुरते हे खरे असले तरी आहाराचा हिशोब मांडताना हेच हाड अडचणीचे ठरते. दुकानातील काटा मांस आणि हाड एकत्र तोलतो. पोषणमूल्यांचे तक्ते मात्र केवळ खाण्यायोग्य भागाचे आकडे देतात. हा फरक लक्षात न घेतल्यास कुटुंबाच्या ताटात प्रत्यक्ष पोहोचलेल्या प्रथिनांपेक्षा कागदावर अधिक प्रथिने दिसतात. कृषी विज्ञान केंद्रांतील गृहविज्ञान विषयतज्ज्ञ, विस्तार कार्यकर्ते, बचत गट तसेच थेट ग्राहकांना मांस विकणारे शेळी व कुक्कुटपालक या सर्वांना उपयोगी पडेल अशी वजनाची सोपी पद्धत येथे दिली आहे.

चूक नेमकी कोठे होते?

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांतील मूल्ये दर १०० ग्रॅम खाण्यायोग्य भागासाठी आहेत. मांसाच्या बाबतीत याचा अर्थ हाडाविना मांस असा होतो. या तक्त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली आहे, ४.१८४ ने भागल्यास किलोकॅलरी मिळतात. उदाहरणार्थ, ५०० किलोज्यूल म्हणजे सुमारे १२० किलोकॅलरी.

एका साध्या उदाहरणावरून चुकीचा आकार स्पष्ट होईल. पाच जणांच्या कुटुंबाने १ किलो शेळीचे मटण हाडांसह आणले. त्यात २५० ग्रॅम हाडे निघाली, असे धरू. चरबी कमी असलेल्या कच्च्या मटणात दर १०० ग्रॅमला सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. पूर्ण १ किलो मांस समजून हिशोब केल्यास २०० ग्रॅम प्रथिने होतात, म्हणजे माणशी ४० ग्रॅम. प्रत्यक्षात मांस ७५० ग्रॅमच असल्याने प्रथिने १५० ग्रॅम, म्हणजे माणशी ३० ग्रॅम मिळतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ही गरज सुमारे ५० ग्रॅम होते. म्हणजेच एका जेवणातील १० ग्रॅमची ही तफावत दिवसाच्या गरजेच्या पाचव्या हिश्शाएवढी आहे. अशक्त गर्भवतीच्या आहारात किंवा वैद्यकीय सल्ल्याने प्रथिने मोजून घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत एवढी चूक क्षुल्लक मानता येत नाही.

हाडांचे प्रमाण सर्वत्र सारखे नसते

शेळीच्या सोललेल्या धडात हाडांचा वाटा ढोबळमानाने पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढा असतो. मात्र तो तुकड्यागणिक बदलतो. मांडीच्या वरच्या भागात मांस अधिक असते. मान, बरगडी आणि पायाच्या खालच्या भागात हाड अधिक असते. लहान, कमी वजनाच्या करडात मांसाच्या तुलनेत हाडाचे प्रमाण जास्त असते. जनावर भरत जाते तसे मांसाचे प्रमाण वाढते.

कोंबडीतही हाच प्रकार आढळतो. छातीच्या तुकड्यात हाड कमी, तंगडीत साधारण तिसरा हिस्सा, तर पंखात जवळपास निम्मे वजन हाडाचेच असते. त्यामुळे २०० ग्रॅम पंख आणि २०० ग्रॅम छाती काट्यावर समान भरली तरी ताटात समान ठरत नाहीत. एकाच टक्केवारीने सर्व तुकड्यांचा हिशोब करणे म्हणूनच टाळावे.

वजनाच्या तीन पद्धती

पहिली पद्धत : कच्चे मांस हाडापासून सोडवून तोलणे. ही सर्वांत अचूक पद्धत होय. सुरीने मांस सोडवावे, मांस व हाडे वेगवेगळी तोलावीत आणि दोहोंची बेरीज मूळ वजनाशी ताडून पाहावी. रोजच्या स्वयंपाकात हे शक्य नसले तरी प्रशिक्षणात प्रात्यक्षिक म्हणून ही पद्धत अवश्य दाखवावी.

दुसरी पद्धत : जेवणानंतर हाडे तोलणे. वाढण्यापूर्वी शिजलेले तुकडे रश्शातून काढून, निथळून तोलावेत. जेवण झाल्यावर ताटातील हाडे, कुर्चा आणि न खाल्लेला भाग एकत्र करून पुन्हा तोलावा. दोन वजनांतील फरक म्हणजे प्रत्यक्ष खाल्लेले शिजलेले मांस होय. एका व्यक्तीच्या आहाराची नोंद ठेवण्यासाठी ही पद्धत सर्वांत सोयीची आहे. येथे तक्त्यातील शिजलेल्या मांसाचीच मूल्ये वापरावीत.

तिसरी पद्धत : स्वतःचा गुणक काढणे. एकाच दुकानातून, एकाच प्रकारे कापलेले मांस नेहमी घेतले जात असेल तर प्रत्येक वेळी हाडे तोलण्याची गरज नाही. वेगवेगळ्या तीन खेपांना पहिल्या पद्धतीने हाडे मोजावीत आणि पुढील सूत्र वापरावे :

खाण्यायोग्य भाग (टक्के) = (हाडांसह वजन − हाडांचे वजन) ÷ हाडांसह वजन × १००

तीन खेपांचे उत्तर ७३, ७६ आणि ७६ आले तर सरासरी ७५ टक्के. पुढे दीड किलो मटण आणल्यास १५०० ग्रॅमला ०.७५ ने गुणून ११२५ ग्रॅम खाण्यायोग्य मांस धरावे. दुकान, कापण्याची पद्धत किंवा जनावराचा प्रकार बदलला की गुणक नव्याने काढावा. डोके व काट्यांसह विकल्या जाणाऱ्या मासळीलाही हीच पद्धत लागू पडते.

कच्चे वजन आणि शिजलेले वजन

हाडांइतकीच मोठी दुसरी गल्लत कच्च्या व शिजलेल्या वजनाची होते. शिजताना मांसातील पाणी आणि काही चरबी बाहेर पडते व वजन साधारण पाव ते तिसऱ्या हिश्शाने घटते. प्रथिने मात्र बहुतांश मांसातच राहतात. वरील उदाहरणातील ७५० ग्रॅम कच्चे मांस शिजल्यावर ५४० ग्रॅम भरले, तरी त्यातील प्रथिने सुमारे १५० ग्रॅमच असतात. दर १०० ग्रॅमचे प्रमाण तेवढे २० वरून सुमारे २८ ग्रॅमवर जाते. या ५४० ग्रॅमला कच्च्या मांसाचे मूल्य लावले तर केवळ १०८ ग्रॅम प्रथिने दिसतील. हाड न वजा केल्याने हिशोब फुगतो, तर शिजलेल्या वजनाला कच्चे मूल्य लावल्याने तो आटतो.

ऊर्जेचेही तसेच आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यांनुसार कोंबडीच्या कातडीविना छातीच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे १२० किलोकॅलरी, तर भाजलेल्या मांसात सुमारे १६५ किलोकॅलरी असतात. शेळीच्या मांसात हे आकडे अनुक्रमे सुमारे १०९ आणि १४३ आहेत. नियम एकच : कच्चे वजन असेल तर कच्चे मूल्य, शिजलेले वजन असेल तर शिजलेले मूल्य. नोंदवहीत वजनापुढे ‘कच्चे’ किंवा ‘शिजलेले’ आणि ‘हाडांसह’ किंवा ‘हाडाविना’ असे लिहिण्याची सवय लावावी.

कातडी, नळी आणि तर्री

उष्मांकांच्या हिशोबात चरबीला विशेष महत्त्व आहे. १ ग्रॅम प्रथिनांपासून ४, तर १ ग्रॅम चरबीपासून ९ किलोकॅलरी मिळतात. अमेरिकी तक्त्यांतच पूर्ण कोंबडीच्या कच्च्या मांसाचे मूल्य कातडीसह दर १०० ग्रॅमला २१५ किलोकॅलरी आणि कातडीविना ११९ किलोकॅलरी आहे. म्हणून कातडी काढलेली आहे की नाही, याची नोंद वजनाइतकीच आवश्यक ठरते.

नळीतील मगज आवडीने खाल्ला जातो आणि तो मुख्यतः चरबीचा असतो. मगज खाल्ला असल्यास रिकामी नळीच हाड म्हणून तोलावी. शिजताना हाडातील थोडा अंश रश्शात उतरतो. त्यामुळे जेवणानंतर तोललेली हाडे कच्च्या हाडांपेक्षा किंचित हलकी भरतात. घरगुती नोंदीसाठी हा फरक सोडून देता येतो. फोडणीचे तेल, वाटणातील खोबरे व वर आलेली तर्री यांचा हिशोब मात्र मांसापासून वेगळा करावा. भांड्यात १०० ग्रॅम तेल घातले असेल तर त्यातूनच सुमारे ९०० किलोकॅलरी येतात. रस्सा संपवला जातो की उरतो, यावर एकूण उष्मांक बरेच अवलंबून असतात.

काट्याची काळजी

घरगुती वापरासाठी १ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा पुरेसा आहे. तो सपाट, न हलणाऱ्या जागेवर ठेवावा. रिकामे भांडे ठेवून काटा शून्यावर आणावा व मगच मांस घालावे. काट्याची खात्री करण्यासाठी प्रमाणित वजन तोलून पाहावे. धुतलेले मांस चाळणीत निथळू द्यावे, अन्यथा पाण्याचे वजन मांसात धरले जाते. गोठवलेले मांस पूर्ण वितळल्यावर, सुटलेले पाणी काढून तोलावे. विक्रीसाठी वापरल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन यंत्रणेकडून दरवर्षी पडताळणी करून घेणे बंधनकारक आहे.

उत्पादकांसाठी उपयोग

शेळीपालकांना मांसाचा उतारा परिचित असतो. खाण्यायोग्य भाग ही त्याच्या पुढची पायरी होय. समजा, २५ किलोच्या बोकडाचा उतारा ४६ टक्के मिळाला, तर सोललेले धड ११.५ किलो भरेल. त्यात २५ टक्के हाडे धरल्यास खाण्यायोग्य मांस सुमारे ८.६ किलो, म्हणजे जिवंत वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडे अधिक येते. कलेजी व इतर खाद्य अवयव यात धरलेले नाहीत.

दर ठरवतानाही हा हिशोब मार्गदर्शक ठरतो. हाडांसह मटणाचा दर ७५० रुपये किलो आणि खाण्यायोग्य भाग ७५ टक्के असेल, तर ग्राहकाला हाडाविना मांस प्रत्यक्षात १००० रुपये किलो पडते. याच मटणातून हाडे काढून विकायचे असल्यास १००० रुपयांहून कमी दर परवडणार नाही. त्यात हाडे सोडवण्याची मजुरी मिळवावी आणि हाडांच्या स्वतंत्र विक्रीतून येणारी रक्कम वजा करावी. थेट विक्री करणाऱ्या गटांनी ‘हाडांसह’ व ‘हाडाविना’ असे दोन्ही दर स्पष्टपणे लावल्यास ग्राहकाला तुलना करता येते आणि विश्वासही वाढतो.

गावपातळीवर प्रात्यक्षिक

विस्तार कार्यकर्त्यांनी महिला गटाच्या बैठकीत १ किलो मटण आणि एक काटा एवढ्या साहित्यावर हे प्रात्यक्षिक घ्यावे. उपस्थितांना प्रथम हाडांच्या वजनाचा अंदाज करण्यास सांगावे व नंतर हाडे सोडवून तोलावीत. आलेला गुणक गटाच्या वहीत नोंदवावा. त्यानंतर कुटुंबातील सदस्यांची संख्या, प्रत्येकाच्या वाट्याला येणारे मांस आणि त्यातील प्रथिने असा हिशोब गटाकडूनच करून घ्यावा. मांस आठवड्यातून एखाद्या दिवशीच शिजत असलेल्या घरांत ते नेमके किती आणि कोणाच्या ताटात जाते, हे या हिशोबातून समजते. उरलेल्या दिवसांची प्रथिनांची गरज डाळी, दूध, अंडी यांतून कशी भागवावी, याचे नियोजन त्याच आकड्यांवरून करता येते.