पुलावर बाजूला सरकता येत नाही
लेखमाला ‘वाट सगळ्यांची’ : भाग ७

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या दक्षिणेला साधारण ५० किलोमीटरवर पीचट्री सिटी नावाचं छोटं शहर आहे. वस्ती ३८ हजारांच्या आसपास. १९५९ साली आखून वसवलेल्या या शहरात मोटारींच्या रस्त्यांखेरीज वेगळ्या वाटांचं जाळं आहे आणि त्याची लांबी १०० मैलांहून, म्हणजे १६० किलोमीटरहून जास्त भरते. या वाटांवर लोक चालतात, धावतात, सायकल चालवतात आणि गोल्फ कार्टही चालवतात. इथली कार्ट खेळाच्या मैदानापुरती नाही. किराणा आणायला, तळ्यावर फिरायला, शेजारच्या वसाहतीत जेवायला जाताना लोक तीच काढतात. मॅकिन्टॉश हायस्कूलमध्ये तर मुलांच्या कार्ट लावायला वेगळी जागा आहे. अटलांटा परिसरात मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहून आलेल्या आपल्याकडच्या काही आजी-आजोबांनी या वाटा पाहिल्याही असतील.

सपाट वाटेवरचे नियम आपण मागच्या भागात पाहिले. उजव्या बाजूने चालायचं, मागून पुढे जाताना आवाज द्यायचा, चाकावरच्याने पायी चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. हे नियम बऱ्यापैकी चालतात, कारण अंदाज चुकलाच तर माणूस कडेच्या गवतात उतरतो. कुत्रं ओढ घेतं, मूल मध्येच धावतं, समोरची कार्ट थोडी जास्त जागा घेते, आणि तरी काही होत नाही. ती दोन-तीन फुटांची गवताची पट्टी कुठल्याही नकाशात दाखवलेली नसते, पण रोज कुणाला ना कुणाला वाचवते. पुलावर ही पट्टी संपते. दोन्हीकडे कठडा, खाली ओढा किंवा भरधाव वाहनांचा हमरस्ता. म्हणून पुलावरचे प्रश्न वाटेवरच्या प्रश्नांपेक्षा वेगळे आहेत आणि ते वेगळे समजून घ्यायला हवेत.

लोक मात्र सगळ्यात आधी भलताच प्रश्न विचारतात: एवढ्या कार्ट पुलाला पेलतील का? नीट बांधलेल्या, नीट राखलेल्या पुलाला पेलतात. अमेरिकेत पादचारी पुलांच्या रचनेसाठी २००९ सालची जी मार्गदर्शक संहिता वापरतात, तिच्यात माणसांच्या गर्दीचा भार दर चौरस फुटाला ९० पौंड धरला आहे. आपल्या मापात दर चौरस मीटरला सुमारे ४४० किलो, म्हणजे मीटरभर लांबी-रुंदीच्या चौकोनात दाटीवाटीने उभी असलेली सहा माणसं. ३ मीटर रुंद आणि २० मीटर लांब पूल घेतला तर हा हिशोब २६ टनांवर जातो. त्याच पुलावर माणसं बसलेल्या कार्ट दोन रांगांत अगदी खेटून उभ्या केल्या, तर चौदाएक मावतील. प्रत्येकी ६०० किलो धरले तरी बेरीज साडेआठ टनांच्या आत राहते. यात्रेची गर्दी कार्टच्या ताफ्याच्या तिप्पट जड असते, हे पटायला वेळ लागतो, पण गणित सरळ आहे. खरं जड वाहन कार्ट नसून दुरुस्तीचा ट्रक असतो. १० फुटांहून रुंद पुलासाठी तीच संहिता २० हजार पौंडांचं, म्हणजे ९ टनांचं वाहन गृहीत धरायला सांगते, आणि कार्टमुळे फळ्यांवर येणारा चाकाचा भार त्यापुढे किरकोळ ठरतो.

‘नीट बांधलेल्या, नीट राखलेल्या’ या शब्दांवर मी मुद्दाम भर देतो आहे. १५ जून २०२५ च्या रविवारी पुणे जिल्ह्यात कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि ४ जणांचा जीव गेला. अरुंद, थकलेला पूल, त्यावर माणसांची दाटी आणि त्या दाटीत दुचाक्या. धोक्याची पाटी तिथे होती. पाटीने गर्दी थांबत नाही आणि दुचाकीही थांबत नाही. त्या दिवशी पुलावरच्या प्रत्येकाने, हा पूल आपल्याला पेलेल हे धरूनच पाऊल टाकलं असणार. सामान्य माणसाने दुसरं काय धरावं? पुलाची ताकद डोळ्यांनी जोखणं हे त्याचं काम नाही. ज्याच्या ताब्यात पूल आहे, त्याचं आहे.

आता रुंदीकडे वळू. माझ्या मते सगळ्या प्रश्नांचं मूळ इथे आहे. साधी कार्ट साधारण ४ फूट रुंद असते. समोरासमोर दोन कार्ट आल्या की ८ फूट गेले. पूल १० फुटी असेल तर उरले २ फूट, आणि तेही एका जागी नाहीत, कठड्यांच्या कडेला आणि दोन कार्टच्या मधे वाटले गेलेले. अशा वेळी बाबागाडी ढकलणाऱ्या आईने उभं कुठे राहायचं? अमेरिकन महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेची सायकलमार्गांची मार्गदर्शिका सांगते की सामायिक वाट किमान १० फूट हवी आणि पुलावर दोन्ही बाजूंना आणखी २-२ फूट मोकळे सोडावेत. म्हणजे १४ फूट. वाटेपेक्षा पूल रुंद हवा. पैसे वाचवताना नेमकं उलटं होतं. पुलाचा प्रत्येक जादा फूट महाग पडतो, म्हणून वाट रुंद राहते आणि पूल आखडतो. ज्या ठिकाणी माणसाला सरकायला गवत नाही, तिथेच त्याची जागाही कापली जाते. ही काटकसर मला अजिबात मान्य नाही.

वेगाचा विचार केला की रुंदीचं महत्त्व आणखी कळतं. बहुतेक गोल्फ कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. उतारावर वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि जोरात ब्रेक दाबला तर ती घसरतात, कार्ट आडवी फिरू लागते. पूल हमरस्त्याच्या वरून जाणारा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना उतार असणारच. साधं गणित मांडू. ताशी ३२ किलोमीटर वेगाने येणाऱ्या चालकाला समोरचं माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद लागला, तर तेवढ्यात कार्ट १३ मीटर पुढे गेलेली असते. नंतर थांबायला आणखी ११-१२ मीटर. एकूण २५. हाच वेग १६ किलोमीटरवर आणला तर सगळं मिळून १० मीटरांच्या आत आटपतं. वेग अर्धा केला की अंतर अर्ध्याहून बरंच कमी होतं. उतारावर दोन्ही आकडे वाढतात, ओल्या फळ्यांवर आणखी.

यात उंचवट्याची भर पडते. कारखान्यात तयार करून आणलेले लोखंडी सांगाड्याचे पूल बरेचदा मधे किंचित उंच असतात. पाणी वाहून जातं, पूल दिसतोही सुरेख. पण कार्टमधल्या माणसाची नजर बसलेल्या माणसाच्या उंचीवर असते आणि चढ चढताना पलीकडच्या उतारावरचं लहान मूल त्याला उशिरा दिसतं. त्यात विजेवरची कार्ट जवळपास आवाज न करता येते. फळ्यांच्या पुलाचा एक फायदा इथे सांगायला हवा. चाक चढलं की फळ्या खडखडतात आणि पुढच्याला पाठीमागून कुणी येतंय हे कळतं. काँक्रीटचा गुळगुळीत पूल टिकाऊ असतो, पण ही सूचना देत नाही. तिथे घंटी किंवा भोंगा वाजवणं शिष्टाचारावर सोडून चालणार नाही, तो नियमच असायला हवा.

पुलाच्या टोकांना काय होतं, त्याची चर्चा फारच कमी होते. वाट नदीच्या कडेने येते आणि काटकोनात वळून पुलावर चढते, अशी जागा जवळपास प्रत्येक शहरात सापडते. कार्टला दारं नसतात, बहुतेकींना पट्टेही नसतात. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो. त्याने झपकन डावीकडे वळवलं की उजवीकडे बसलेला माणूस बाहेर फेकला जातो. सीटच्या कडेला असलेली बुटकी दांडी मोठ्या माणसाला कशीबशी अडवते, लहान मुलाला नाही. ओहायोमधल्या संशोधकांनी १९९० ते २००६ या काळातल्या अमेरिकेतल्या गोल्फ कार्ट-दुखापतींचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आलेल्या अशा दुखापतींचा त्यांचा अंदाज १ लाख ४८ हजारांच्या घरात होता, आणि जवळजवळ एक तृतीयांश जखमी १६ वर्षांखालची मुलं होती. कार्टमधून पडणं किंवा उडी मारणं हे त्यात सर्वांत मोठं कारण ठरलं. टक्कर नव्हे, पडणं. म्हणून पुलाच्या तोंडाशी काटकोन असेल तर तो मोडून वळण सैल करणं, हे कठड्याला रंग देण्यापेक्षा कितीतरी जास्त उपयोगाचं काम आहे.

कठड्याबद्दलही एक गैरसमज आहे. पादचारी पुलाचा कठडा रेलणाऱ्या, ढकलल्या जाणाऱ्या माणसांसाठी रचलेला असतो. त्याची उंची किमान ४२ इंच, म्हणजे मीटरहून थोडी जास्त, आणि खालच्या भागातल्या फटी इतक्या बारीक की ६ इंचांचा चेंडू पार जाऊ नये, कारण मूल डोकं घालतं. एका जागी २०० पौंडांचा रेटा त्याने सोसावा अशी अपेक्षा असते. ६०० किलोची कार्ट ताशी २४ किलोमीटर वेगाने आपटली तर तिचा धक्का या हिशोबात कुठेच बसत नाही. चालणाऱ्या माणसाच्या अंगातल्या ऊर्जेच्या जवळपास २०० पट ऊर्जा त्या कार्टमध्ये असते. म्हणून कार्ट जाणाऱ्या पुलावर कठड्याच्या पायाशी चाक अडवणारा बुटका, सलग कट्टा हवा. चाक त्याला घासून परत आत वळतं आणि कठड्यापर्यंत धक्का पोचतच नाही.

मोटारी पुलावर चढू नयेत म्हणून तोंडाशी खांब रोवतात. कार्ट आत येऊ द्यायची तर दोन खांबांमध्ये निदान ५ फूट जागा सोडावी लागते, आणि मग नेमका मधला एक खांब वाटेच्या मध्यावर येतो. घोळक्याने येणाऱ्या सायकलस्वारांपैकी मागच्याला तो दिसत नाही. मोटारी घुसण्याचा त्रास खरोखर असेल तरच खांब, आणि तोही चमकत्या पट्टीसह. नसेल तर काढून टाकलेला बरा.

पृष्ठभागाचं बोलायचं तर लाकडी फळ्या वाटेला आडव्याच बसवायला हव्यात. उभ्या बसवल्या तर सायकलचं बारीक चाक फटीत अडकतं. फट अर्ध्या इंचापेक्षा मोठी नको, कारण काठीचं टोक आणि चाकाच्या खुर्चीचं पुढचं चाक तिच्यातच रुततं. जॉर्जियात पाइनची झाडं भरपूर, त्यांच्या सुया पुलावर साचून ओल्या होतात, सावलीत शेवाळं धरतं. हिवाळ्यात वाट कोरडी असतानाही पुलावर बर्फाचा पातळ थर असू शकतो. जमिनीवरच्या वाटेला खालच्या मातीची ऊब मिळते, पुलाला मात्र वरून आणि खालून दोन्हीकडून गार वारा लागतो आणि तो आधी गोठतो. हे ठाऊक नसलेला चालक पुलावरच पहिल्यांदा घसरतो.

हे सगळं तपासायचं कुणी? १५ डिसेंबर १९६७ रोजी ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेत पुलांच्या तपासणीचा देशव्यापी कायदा आला आणि मोटारींच्या पुलांची साधारणपणे दर २४ महिन्यांनी तपासणी होऊ लागली. पण हे राष्ट्रीय नियम सार्वजनिक मोटाररस्त्यांवरच्या पुलांसाठी आहेत. फक्त पायी, सायकल आणि कार्टसाठी असलेला पूल त्यांच्या कक्षेत येत नाही. तो ज्या नगरपालिकेचा, वसाहतीचा किंवा उद्यान खात्याचा, त्याने स्वतःहून तपासला तरच तपासला जातो. फ्लोरिडातली ‘द व्हिलेजेस’ ही निवृत्तांची प्रचंड वसाहत घ्या. तिथेही १०० मैलांच्या वर कार्टच्या वाटा आहेत, आणि चालकांमध्ये सत्तरी-ऐंशी ओलांडलेले पुष्कळ आहेत. मोटार चालवणं सोडलेल्या माणसालाही कार्टने बाहेर पडता येतं, मित्रांकडे जाता येतं. हे स्वातंत्र्य फार मोलाचं आहे आणि ते टिकावं असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच त्यांच्या वाटेवरच्या पुलाचा सडका खांब आणि गंजलेला नट-बोल्ट शोधण्याचं काम कुणाच्या तरी नावावर, तारखेसह, लिहिलेलं असायला हवं.

उरला जुन्या, अरुंद पुलांचा प्रश्न. ८ फुटी पूल पाडून १४ फुटी बांधायला पैसे मिळेपर्यंत वर्षं जातात. तोवर कार्टना एका वेळी एकाच दिशेने सोडायचं, पुलावर आधी असलेल्याला, मग तो पायी असो वा चाकावर, आधी बाहेर पडू द्यायचं, आणि दोन्ही तोंडांशी कार्टला थांबायला रुंद, सपाट जागा करायची. ही थांबायची जागा फार महत्त्वाची. ती नसेल तर चालक उतारावर ब्रेक धरून थांबत नाही, तो ‘जाऊन बघू’ म्हणतो. आणि त्या जागेवरून पुलाचं दुसरं टोक दिसलं पाहिजे. मधे झाडी असेल तर ती छाटायला फारसा खर्च नाही, ठेकेदारही लागत नाही, आणि या आठवड्यातही ते करता येतं.

पुढच्या भागात : रस्त्याखालचे बोगदे आणि त्यांतला उजेड.