विंचवाचं बिऱ्हाड

दोस्तांनो, ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण तुम्ही परीक्षेत वाक्यात उपयोग करण्यापुरती पाठ केली असेल. ती चालती-बोलती बघायची असेल तर पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी सकाळच्या पुणे-लोणावळा लोकलमध्ये बसा. डब्यात बघाल तिकडे सॅकच सॅक! शाळकरी मुलं, कॉलेजातल्या ताया, डोक्याला रुमाल बांधलेले साठीचे आजोबा. मळवली स्टेशन आलं की हा सगळा घोळका खाली उतरतो आणि भाजे गावातून लोहगड-विसापूरच्या वाटेला लागतो. गंमत बघा, लोहगडाची जी लांबलचक निमुळती माची सगळ्यांना बघायची असते, तिचं नावही ‘विंचूकाटा’च!

आता या मंडळींच्या पाठीवरची बिऱ्हाडं जरा न्याहाळा. कुणाची सॅक टम्म फुगलेली, बाहेर चटई लोंबतेय, मग खणखणतोय, वर गाणी वाजवायचा स्पीकर. आणि आजोबांची? शाळेच्या दप्तराएवढी. तीस-चाळीस वर्षं डोंगर चढलेल्या माणसाची एका दिवसाची सॅक बहुधा अशीच लहान असते. त्याला कमी लागतं असं नाही. कशाचं काय काम, हे त्याला पक्कं ठाऊक असतं, इतकंच.

हे मुद्दाम सांगतोय, कारण पुष्कळ घरांत ट्रेकचा विषय दारातच अडतो. “आई, वर्गातली सगळी लोहगडला चाललीत, मी जाऊ?” की लगेच यादी निघते. ट्रेकिंगचे बूट, ट्रेकिंगची सॅक, ट्रेकिंगची पँट, जॅकेट. दुकानातल्या किमती बघून बाबा गप्प होतात आणि तुम्ही रविवारी घरी बसता. वास्तविक एका दिवसाच्या ट्रेकला लागणाऱ्या दहांतल्या नऊ वस्तू तुमच्या घरातच आहेत. पैसे खर्च करायचेच तर एका वस्तूवर करा. कुठल्या, ते पुढे कळेलच.

आधी थोडं गणित. केंद्र सरकारच्या २०२० सालच्या दप्तर धोरणात म्हटलंय की, दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावं. तोच हिशोब डोंगराला लावू या. तुमचं वजन ४० किलो, तर सॅक ४ किलोची. आता एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. उन्हाच्या दिवसांत चढायचं तर ३ लिटर पाणी हवंच. गेले की तीन किलो! राहिला फक्त एक किलो, आणि त्यात डबा, जादा कपडे, टॉर्च, शिवाय रिकाम्या सॅकचं स्वतःचं वजन. आता कळलं ना, आजोबांची सॅक लहान का ते?

पाण्यात मात्र काटछाट करायची नाही हं. आपल्या गडांवर खडकात खोदलेली पाण्याची टाकी भरपूर असतात, पण त्यांतलं पिण्याजोगं एखादंच, आणि उन्हाळ्यात त्याचाही भरवसा नाही. शिवाय पाण्याचं ओझं पीत जाल तसं हलकं होतं. स्पीकर कितीही वाजवला तरी हलका होत नाही!

घाम खूप आला तर नुसतं पाणी पुरत नाही, अंगातलं मीठही गेलेलं असतं. म्हणून एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, एवढं मिश्रण घरूनच एका पुडीत बांधून घ्या. लिंबू असेल तर उत्तमच. खायला दशम्या, थालीपीठ, गूळ-शेंगदाणे, खजूर. कुरकुऱ्यांची पाकिटं जागा भरपूर खातात आणि तहान वाढवतात.

सॅक कोणती? शाळेची चालेल. फक्त दोन्ही पट्टे धड हवेत आणि ती पाठीला घट्ट चिकटून बसायला हवी. का, ते पाहायला एक प्रयोग करा. पाण्याची भरलेली बाटली एक मिनिट छातीशी धरा. मग तीच हात लांब करून समोर धरा. हात भरून आला की नाही? बाटली तीच, वजन तेच, पण अंगापासून लांब गेली की जड होते. म्हणून जड वस्तू पाठीला लागून भरायच्या आणि हलक्या बाहेरच्या बाजूला. एका खांद्यावर लटकणाऱ्या झोळ्या डोंगरात नकोत. एकीकडे झोक जातो आणि निसरड्या पायरीवर तोच झोक महागात पडतो.

आता कपडे. इथे मात्र जरा सावकाश जाऊ या, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

माठातलं पाणी गार का होतं, हे तुम्ही विज्ञानात शिकलात. माठातून झिरपलेल्या पाण्याची वाफ होते आणि जाताना ती उष्णता घेऊन जाते. आता जुलैतला लोहगड डोळ्यांपुढे आणा. तुमच्या अंगात सुती बनियन, वर सुती शर्ट, खाली जीन्सची पँट. दहा मिनिटांत सगळं चिंब. माचीवर भणाणता वारा. झाला की तुमचा माठ! सुती कापड पाणी धरून ठेवतं, अंगाला चिकटतं आणि तासन् तास वाळत नाही. ओली जीन्स तर इतकी जड होते की गुडघा वाकवायलाही जोर लावावा लागतो. दात वाजायला लागले, बोटं वळेनाशी झाली, की पाय कुठे पडतोय याचं भान सुटतं. खरा धोका तिथे असतो.

उंचीचाही हिशोब धरा. दर हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. म्हणजे समुद्रकिनाऱ्यापेक्षा तिथे सुमारे दहा अंश कमी! लोहगड हजार मीटरच्या किंचित वर आहे, पण वाऱ्याच्या बाबतीत तो कुणाला हार जाणार नाही.

मग घालायचं काय? तुमचा खेळाचा पॉलिएस्टरचा टी-शर्ट. तोच तो, कबड्डीच्या संघाचा, मागे नंबर असलेला. तो पाणी फारसं धरत नाही, झटकला की निम्मा कोरडा होतो. खाली तशीच ट्रॅकपँट. थंडीत एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत, कारण त्यांच्यामध्ये अडकलेली हवा ऊब धरते आणि चढताना उकडलं की एकेक काढता येतो. ही युक्ती जुनीच आहे. जॉर्ज मॅलरी १९२४ साली एव्हरेस्टवर गेले ते परत आलेच नाहीत. त्यांचा देह १९९९ साली सापडला, तेव्हा अंगावर रेशमी, लोकरी, गॅबर्डिनचे असे एकावर एक कपडे होते. हे काय कपडे, म्हणून पूर्वी लोक हसत. पण २००६ साली हुबेहूब तसेच कपडे शिवून एव्हरेस्टच्या परिसरात घालून पाहिले, तर ते हलके आणि चांगले उबदार निघाले!

पावसासाठी म्हणाल तर छत्री घरीच ठेवा. वारा तिचा क्षणात कमळासारखा आकार करतो. आपल्या मावळातल्या, कोकणातल्या शेतकऱ्यांकडे बघा. बांबूच्या कामट्या आणि पानं यांचं इरलं त्यांनी का बनवलं? कारण वाकून भात लावताना दोन्ही हात मोकळे हवेत आणि पाठ झाकलेली हवी. ज्याला ज्या कामासाठी लागतं तसं ते बनलंय. घोंगडीची खोळही तशीच. लोकर भिजली तरी थोडीफार ऊब देते, म्हणून गुराखी ती डोक्यावरून घेऊन दिवसभर रानात उभा राहतो. आता इरल्याच्या जागी प्लास्टिकचा कागद आला, पण हिशोब तोच. तुम्हीही हात मोकळे राहतील असा साधा रेनकोट किंवा विंडचीटर घ्या.

आणि एक खरं सांगू? सह्याद्रीच्या पावसात तुम्ही भिजणारच. हजारो रुपयांच्या जॅकेटातही आतून घामानं भिजाल. म्हणून भिजायचं नाही हा हट्ट सोडा. त्याऐवजी कपड्यांचा एक जोड काही झालं तरी कोरडा राहील असं बघा. त्यासाठी सॅकवर चढवायचं रंगीत आवरण लागत नाही. सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी अस्तरासारखी घाला, सगळं सामान तिच्यात, तोंडाला पीळ देऊन गाठ. धान्याच्या किंवा खताच्या गोणीतली आतली पिशवी, स्वच्छ धुतलेली, फक्कड चालते.

आता ती एक वस्तू, जिच्यावर खर्च करायचा. बूट! सह्याद्रीचा खडक काळा बसाल्ट. कोरडा असताना बूट छान धरतो, पण पावसात त्याच्यावर शेवाळ चढलं की साबणच. गडाच्या पायऱ्या शेकडो वर्षं पावलांनी घासून गुळगुळीत झालेल्या, त्या वेगळ्याच. गुळगुळीत तळाचे, झिजलेले बूट तिथे घालू नयेत.

दुकानात काय बघायचं? बूट उलटा करून तळ बघा. रबर फार कडक नको आणि खाचा खोल हव्यात. मग बूट टोकाला धरून वाकवा. बोटांच्या सांध्यापाशी वाकला तर ठीक, मधोमध दुमडला तर परत ठेवा. खरेदीला संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पावलं थोडी सुजतात. ज्या मोज्यांनी डोंगर चढणार तेच घालून बूट चढवा. पुढे अंगठ्याएवढी जागा रिकामी हवी, नाहीतर उतरताना बोटं पुढे आपटून नखं काळीनिळी होतात. आणि नवे बूट थेट गडावर नकोत. दोन आठवडे शाळेत, बाजारात घालून फिरा. फोड येणारच असतील तर ते घराजवळ आलेले बरे. एकेकाळी मराठी गिर्यारोहकांची एक अख्खी पिढी साध्या कॅनव्हासच्या हिरव्या हंटर बुटांवर सह्याद्री हिंडली. तेव्हा नावापेक्षा तळ बघा.

“पण हिरकणीनं कुठे बूट घातले होते?” असं तुमच्यातलं कुणीतरी विचारणारच! बरोबर आहे. आजही गडाखालच्या वाडीतली मुलं साध्या चपलांवर टणाटण चढतात. पण त्यांचे पाय चालायला लागल्यापासून त्याच खडकावर तयार झालेत. तुमचे-आमचे फरशीवर.

राहिल्या दोन लहान वस्तू. त्या बहुतेक वेळा वापरल्या जातच नाहीत, आणि तरीही त्यांना सुट्टी नाही. पहिली टॉर्च. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, दरीतल्या झाडीत तर त्याआधीच अंधारतं. कुणाचा पाय मुरगळला, तासाचा उशीर झाला, की उरलेली वाट अंधारात. साप कुठे बसलाय हे उजेडातच दिसतं. मोबाइलचा दिवा यासाठी नको. दिवसभर फोटो काढून त्याची बॅटरी संपत आलेली असते आणि मदतीला ११२ लावायलाही तोच लागतो. कपाळाला बांधायची टॉर्च असेल तर हात मोकळे राहतात. (पुन्हा इरल्याचंच तत्त्व!) सेलची टॉर्च असेल तर एक सेल उलटा घालून ठेवा, म्हणजे सॅकमध्ये चुकून बटण दाबलं गेलं तरी ती पेटणार नाही.

दुसरी शिट्टी. पावसाळ्यात माचीवर ढग उतरला की चार पावलांवरचा मित्र दिसत नाही. ओरडून ओरडून घसा बसतो, शिट्टीचा आवाज मात्र लांबवर जातो. डोंगरातली खूण जगभर ठरलेली आहे. एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. ऐकणाऱ्यानं मिनिटाला तीन वाजवून उत्तर द्यायचं. अर्थात, गमतीत वाजवायची नाही, नाहीतर लांडगा आला रे आला! आणि वाट चुकलो असं वाटलं की पुढे पळत सुटू नका. आहात तिथेच, कड्यापासून लांब, थांबा.

काय न्यायचं नाही, तेही ऐका. दोर नको. बांधायचा कसा, हे ज्यानं शिकवणाऱ्याकडून शिकलेलं नाही, त्याच्या हातातला दोर धीर देतो आणि जीव घेतो. सेंट, भडक वासाची तेलं नकोत, आणि कड्याखाली धूर तर मुळीच नको. गडांच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. तीं खवळली तर लपायला जागा मिळत नाही.

आई-बाबांसाठी चार ओळी. मुलांना अनुभवी गटाबरोबरच पाठवा, आणि गटाला निःसंकोच प्रश्न विचारा. सर्वांत मागे कोण चालणार? प्रथमोपचाराची पेटी कुणाकडे? पाऊस वाढला तर कुठून परतणार? याची उत्तरं तयार नसतील तर तो गट नको. गड त्या दिवशी खुला आहे का, तेही बघा. कुठला गड, कुठली वाट, कोण-कोण सोबत, किती वाजता परत, हे कागदावर लिहून घेऊन फ्रिजवर लावून ठेवा.

परत आलात की सॅक कोपऱ्यात फेकू नका. जमिनीवर रिकामी करा आणि वस्तूंचे दोन ढीग लावा, एक वापरलेल्यांचा आणि एक न वापरलेल्यांचा. टॉर्च, शिट्टी, औषधं, कोरडे कपडे यांना सोडून दुसऱ्या ढिगातलं काहीही पुढच्या वेळी नेऊ नका. दोन-तीन ट्रेकांत तुमचीही सॅक आजोबांच्या सॅकएवढी होईल. बूट उन्हात किंवा गॅसजवळ ठेवायचे नाहीत, त्यांचा तळ चिकटवलेला असतो, तो सुटतो. चिखल धुऊन, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा आणि झोपायच्या आधी बोळे एकदा बदला.